विजेच्या तारेतून बारसं

विजेच्या तारेतून इंटरनेट देणारी कंपनी घानातल्या तेशीत आली, तेव्हा गल्लीत पहिली जोडणी घेतली ती म्हाताऱ्या नी ओदार्तेने. चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलेला माणूस तो. गल्लीतली प्रत्येक तार त्याच्या हातची. कंपनीची बाई ती पांढरी डबी कशी लावायची ते समजावू लागली, तर याने तिच्या हातातला कागद घेतला, न वाचता फडताळात टाकला आणि वर म्हणाला, "मला वीज शिकवता?"

त्यानंतर तीन आठवडे डबीने त्याचा नुसता छळ मांडला. हॅम्बुर्गहून मुलगा क्वेई दोन शब्द बोलायचा, मग घरघर, मग काहीच नाही. विजेच्या मोटरींमुळे कधी कधी सिग्नल बिघडतो, असं ती बाई जाता जाता बोलून गेली होती. तेवढं याने बरोबर ऐकलं. समोर शेजारीण लामिलेची मक्याची चक्की होती. झालं, रोजची भांडणं सुरू.

"तुझी जुनाट मोटर गल्लीची लाइन नासवतेय!"

"मग लोकांनी काय करावं? मक्याचे केंके खायचे सोडून तुमचं इंटरनेट चावावं?"

आज मात्र भांडून चालणार नव्हतं. तिकडे हॅम्बुर्गला क्वेईचा मुलगा, ओदार्तेचा नातू, आठ दिवसांचा झाला होता. त्यांच्या रीतीप्रमाणे आठव्या दिवशी पहाटे, सूर्य वर यायच्या आत, बाळाला बाहेर आणून आकाश दाखवायचं आणि बापाकडच्या वडीलधाऱ्याने नाव घ्यायचं. एकदा घेतलं की ते जन्माचं. ओदार्तेच्या मनात ओबोदाई हे नाव होतं. त्याच्या धाकट्या भावाचं; तो खांबावर काम करतानाच गेला होता. नाव आधी फोडायचं नाही या हट्टापायी त्याने क्वेईलाही सांगितलं नव्हतं. तुमच्या साध्या मोबाइलवर सांगा, असं क्वेई म्हणाला होता. पण बाळाचं तोंड न बघता नाव कसलं द्यायचं?

म्हणून पहाटे तो मान खाली घालून चक्कीवर गेला. "अर्धा तास बंद ठेव, लामिले. पाया पडतो."

भिजल्या मक्याची घमेली घेऊन बायका ताटकळत होत्या. लामिलेने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा याच्याकडे, आणि खटका खाली ओढला.

ओदार्ते धावत घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसला. क्वेईचा चेहरा आला, गोठला, गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. बाहेर फटफटायला लागलं. शेवटी त्याने मोबाइल उचलला, तर तिकडे नुसती रिंग. सगळे अंगणात असणार. तो रडकुंडीला आला आणि दारातूनच ओरडला, "चालू केलीस ना गं पुन्हा?"

लामिले पिठाच्या हातांनी तरातरा आत आली. "बंदच आहे! बायका माझा जीव खातायत तिकडे." बोलता बोलता ती टेबलाखाली वाकली. "आणि हे काय? डबी स्टॅबिलायझरला लावलीये होय?"

"व्होल्टेज वरखाली होतं. माझ्या घरात काहीही थेट भिंतीत लागत नाही."

"अहो, हीच डबी माझ्याकडेही आहे. मोटरीच्या शेजारी, थेट भिंतीत. पोरगी रोज सिनेमे बघते."

"कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही बोलू दिलंत कधी? त्या बाईच्या कागदावर पहिलीच ओळ ती आहे, नी ओदार्ते. थेट भिंतीत लावा, मध्ये काही नको." तिने प्लग उपसून भिंतीत खोचला आणि चक्कीकडे पळाली.

पडदा लख्ख झाला. पांढऱ्या दुपट्यातलं बाळ, त्याची इवली मूठ, शेजारी हातात विधीचा पेला धरलेला क्वेईचा सासरा.

"बाबा! किती वाट पाहिली तुमची! इथे सूर्य वर आला हो. मग शेवटी सासऱ्यांनीच नाव घेतलं." क्वेई हसायचा प्रयत्न करत होता. "पण आज काय स्पष्ट दिसताय तुम्ही!"

समोर चक्की धडधडत सुरू झाली. आता चित्र तुटेल म्हणून ओदार्ते वाट पाहत राहिला. तुटलं नाही. बाळाचं शिंकणंसुद्धा ऐकू आलं.

"बाबा, तुमच्या मनात कोणतं नाव होतं?"

ओदार्तेने कानामागे हात धरला.

"काही ऐकू येत नाही रे," तो म्हणाला. "समोर ती चक्की चालू आहे."