मामाचं मौन

रेडिओवर फुटबॉलचं धावतं वर्णन करणारा मामा जिना चढता चढता गेला. धड आजारी पडला नाही, कोणाकडून सेवा करून घेतली नाही. अख्खं शहर त्याला मामा म्हणायचं. शाळकरी पोरं म्हणायची, त्यांचे आजोबाही म्हणायचे. बोलायला लागला की कोणाचं ऐकेल तर शपथ! त्याच्या जोडीला बसायची ती गोलकीपर. एकेकाळी संघात ती खरोखरच गोल अडवायची, म्हणून हे नाव, आणि तेही त्यानेच ठेवलेलं. वर्षानुवर्षं त्याने तिचं एक वाक्य म्हणून पुरं होऊ दिलं नाही. ती चिडायची, कडाकडा भांडायची, आणि पुढच्या सामन्याला मुकाट शेजारी येऊन बसायची.

आज ती एकटी होती. सामन्याआधी वाजवायला रेडिओ केंद्राच्या साहेबांनी मामाच्या आवाजातले गाजलेले गोल एकत्र करून ठेवले होते. पण कालच ती मामाच्या बायकोला भेटून आली होती. मामींच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. घास घशाखाली उतरत नव्हता, शेजारणीने आणलेला चहा समोर तसाच गार झाला होता. त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "रेडिओ मी लावणार. पण त्यांचा आवाज लावू नका गं. मला नाही सोसायचा. शब्द दे." तिने शब्द दिला.

"आवाज नाही, मग लावायचं काय?" साहेबांनी विचारलं.

"काहीच नाही. एक मिनिट मौन."

"रेडिओवर मौन? अगं, लोक रेडिओला थापडा मारतील!"

"मारू देत. मी मामींना शब्द दिलाय."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण शेवटी हो म्हणाले.

अडचण एकच होती. स्टुडिओत एक यंत्र होतं. प्रसारण मध्येच बंद पडून शांतता झाली, की ते आपोआप सुरू होऊन श्रोत्यांना रेकॉर्ड केलेली सूचना ऐकवायचं. म्हणजे ऐकवणार होतं. बसवल्यापासून त्याच्यावर तशी वेळच आली नव्हती, कारण मामा असताना शांतता होणार कुठून? मौनापुरतं ते बंद ठेवायचं काम काचेपलीकडच्या इंजिनिअरकडे दिलं होतं. तो मामाचा भारी लाडका.

वेळ झाली. गोलकीपरने चार शब्द सांगितले, माइक बंद केला आणि उभी राहिली. काचेपलीकडे इंजिनिअरही मान खाली घालून उभा राहिला. यंत्राचं बटण त्याच्या कोपराशीच होतं. पण डोळे भरून आलेल्या माणसाला बटण कुठलं आठवतंय!

खोलीत शांतता पसरली. आणि एकाएकी छताजवळच्या स्पीकरमधून जवान, खणखणीत आवाज आला:

"अहो, कुठे निघालात? आमच्याकडे जरा काहीतरी बिघडलंय, त्याचा कान पिळतोय. तोवर घोटभर चहा घ्या. मी आलोच!"

मामा! ती सूचना कधीकाळी त्यानेच रेकॉर्ड केली होती, आणि हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

इंजिनिअरने बटणावर झडप घातली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याने घाईघाईने जाहिराती लावल्या. "अरे देवा, मामी!" म्हणत गोलकीपरने फोन लावला.

"मामी, चुकलं हो. मी शब्द दिला होता, पण ते यंत्र..."

पलीकडून हुंदके ऐकू आले. मामी रडत होत्या, मोकळेपणाने, पोटभर. आणि रडता रडताच त्यांना हसू फुटलं.

"जन्मभर कोणाला बोलू दिलं नाही. आज स्वतःचं मौनसुद्धा मोडलं या माणसाने!"

"मामी, मला माफ..."

"तू थांब गं, मध्ये बोलू नकोस. चहा घ्या म्हणालेत ना, आधण ठेवलंय. घेते, आणि मग तुझा सामना ऐकते."