पंखा कोणी फिरवायचा

मी एक जुनं टेबल आहे. खरं सांगायचं तर अर्धंच. उरलेलं अर्धं समोर उभं आहे, दोन हातांच्या अंतरावर. मित्रांनो, माझी कीव करू नका. मला राग आलाय, तो ऐका.

खेळण्यांच्या कारखान्यातल्या मिस्त्रींनी जाड फळ्या जोडून मला घडवलं. माझ्या एका टोकाला त्यांचे सुतार लाकूड कापत, दुसऱ्या टोकाला रंगारी बायका खेळणी रंगवत. येणारे-जाणारे म्हणत, "टेबल असावं तर असं!" मी फुशारून जाई.

दोन्हीकडची डोकी मात्र भारी होती हं! फेकायच्या ढलपीत सुतारांना चिमणीची चोच दिसे. रंगारीण मावशी लाकडाच्या गाठीतून हत्तीचा डोळा काढी. एका तुकड्यात त्यांना दहा गोष्टी दिसत. समोरच्या माणसात एकच दिसे, वैरी.

भांडण भुशाचं होतं. सुतारांच्या मागचा पंखा भुसा उडवी आणि तो ओल्या रंगावर बसे. मावशी मिस्त्रींची मेहुणी. तिने सरळ सांगितलं, "भावजी, पंखा खिडकीकडे फिरवा ना. भुसा बाहेर जाईल, विषय संपला."

"म्हणजे इतके दिवस चूक आमची होती, असंच ना?" मिस्त्री कडाडले. "मुळीच फिरवणार नाही. तुम्ही अंगणात बसा!"

"उन्हात? रंग तडकला तर तुम्ही भरून देणार का?"

झालं. दोन्हीकडची अक्कल त्या दिवसापासून खोड्यांत खर्च होऊ लागली. सुतारांनी पंख्याला पुठ्ठ्याचं नरसाळं बसवलं, भुसा नेमका मावशीच्या ब्रशवर पडावा म्हणून. इतकं सुबक नरसाळं, की मलाच लाज वाटली. मावशी काय कमी होती? तिने लाकडी माकडांना मिस्त्रींसारख्या मिशा रंगवल्या. ती माकडं हातोहात खपली. गिऱ्हाईक माकडाकडे बघे, मग मिस्त्रींकडे बघे आणि हसू दाबी.

मग मिस्त्रींनी करवत उचलली. माझ्या मधोमध रेघ मारली.

"भावजी, अहो, स्वतःच्या हातांनी केलेलं टेबल आहे!" मावशी ओरडली. पण 'मिशा पुसते' एवढं काही तिच्या तोंडून निघेना.

"तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला," मिस्त्री म्हणाले. त्यांनी करवत रेघेवर टेकवली.

करवत आरपार गेली आणि दोन्ही तुकडे धाडकन पडले. दोन पायांवर कोण उभं राहणार? रागाच्या भरात हे सुतारांच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांनी आपल्या अर्ध्याला नवे पाय ठोकले. मी, मावशीच्या बाजूचं अर्धं, रंगाच्या डब्यांवर टेकून आहे. कोणी जोराने ब्रश टेकवला तरी डगमगते.

मित्रांनो, तुम्हीही हुशार आहात. ती हुशारी समोरच्याला छळण्यात घालवू नका, आणि काही कापायच्या आधी एकदा पंखा फिरवून बघा. आमच्याकडचा कोणीच फिरवला नाही. दोन हातांचं अंतर भुसा सहज ओलांडतो. हे बोलता बोलता माझ्यावर थर बसलासुद्धा.