दादानं भरलेलं पाणी

मी एक पितळी नोझल बोलतोय. आकारानं करंगळीच्या पेराएवढा. माझ्या पोटातून आरपार एक भोक आहे, केसाएवढं बारीक. त्यातून काय काय गेलं, ते सांगतो.

उद्यमनगरातल्या एका लेथवर माझा जन्म झाला. तिथून गेलो बिद्रीजवळच्या एका शेतात, औषध मारायच्या पंपाला. संयोगिताबाई मला घेऊन उसात फिरायच्या. एक दिवस त्यांच्या थोरल्या मुलानं, पृथ्वीराजनं, मोटरीसकट मला खोलून घेतलं.

"आरं ए, आता औषध काय फुंकून मारू व्हय?" आई ओरडली.

"तुला नवा पंप आणतो की. ह्यो गाडीला लावणार हाय."

"का? गाडीवर मावा पडलाय?"

पृथ्वीराज कळंब्यात गॅरेज चालवायचा. धाकटा आदर्श शाळा सोडून त्याच्याच हाताशी होता. जुनी, टर्बोची पेट्रोल गाडी दोघांनी मिळून उभी केली होती. मला हवेच्या पाइपात बसवताना पृथ्वीराज म्हणाला, "टर्बो हवा कोंबतोय. कोंबली की ती तापती. लई तापली की पेट्रोल नको तवा भडकतंय, इंजन खडखडतंय. म्हणून हवेत पाणी मारायचं, धुक्यासारखं. त्याची वाफ हुताना ते उष्णता वढून घेतंय. मग टर्बोचा दाब वाढवला तरी इंजन निवांत."

"इंजनात पाणी? दादा, डोकं फिरलं काय तुझं?"

"बस गाडीत. दावतो."

राधानगरीच्या पुढं चढ लागला. पृथ्वीराजनं अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. टर्बोची शिट्टी चढत गेली आणि बोनेटखाली बसवलेल्या टाकीतलं पाणी धावत माझ्यापाशी आलं. "मार की मर्दा!" तो ओरडला. मी मारलं.

काय सांगू! मी आजवर पानांवर फवारे मारले होते. इथं समोर वादळ होतं, तापलेलं, पिळून घट्ट केलेलं. माझे थेंब त्यात शिरले आणि दिसेनासे झाले. वादळ क्षणात गार झालं. पुढं आग पेटत होती, पण शिस्तीत. एवढ्याशा पाण्याचा शब्द एवढी मोठी आग ऐकत होती! गाडी चढ विसरली. आदर्श हसतही होता आणि शिव्याही देत होता.

त्यानंतर प्रत्येक फेरीआधी पृथ्वीराज बॅटरीचं शुद्ध पाणी आपल्या रुमालातून गाळून टाकीत भरायचा. त्या पावसाळ्यातही त्यानं टाकी काठोकाठ भरली. मग त्याला ताप भरला. दवाखान्यातून तो परत आला नाही.

गाडी आदर्शकडं आली आणि त्यानं एक विचित्र गोष्ट सुरू केली. टर्बोचा दाब वाढल्याशिवाय माझी मोटर सुरूच होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो दाब वाढूच देईना. एरवी बुलेट उडवणारा तो गडी कळंब्याच्या तळ्याकडेनं रांगत जायचा. मागचे हॉर्न मारायचे.

"ओ पावणं, गाडी हाय का बैलगाडी?"

"वरनं जावा की! रस्ता माझ्या बाचा हाय काय?"

दादानं भरलेलं पाणी संपू द्यायचं नव्हतं त्याला. दादाच्या हातचं तेवढंच उरलं होतं. साठवलेलं पाणी मात्र टिकत नाही. टाकीत हिरवं शेवाळ धरलं. माझ्या तोंडाशी बुळबुळीत काहीतरी येऊन बसलं. मला वाटलं, आता मी बुजणार, आणि एखाद्या चढाला हे इंजन खडखडून मरणार.

शेजारचे हंबीरराव टाकीत डोकावले. "हे वत आणि नवं भर."

"हात लावला तर बघा!" आदर्शनं पाना उगारला.

मग आई आली. तिनं टाकीचं झाकण काढून वास घेतला. "तुझ्या दादानं पाणी कशासाठी भरलं हुतं रं?"

आदर्शनं पाना खाली ठेवला.

"गुराला न्हाय, पिकाला न्हाय. असं कुजवाय भरलं हुतं व्हय?"

त्यानं स्वतःच टाकी काढली. पाणी घागरीत ओतलं, टाकी घासली. मला सुईनं नाही, फुंकरीनं आणि ब्रशानं साफ केलं, दादा करायचा तसं. आईनं पदर धरला. तेच पाणी त्यातून गाळून पुन्हा टाकीत गेलं. हिरवं सगळं तिच्या पदरावर राहिलं.

"बस गाडीत," आदर्श म्हणाला.

तोच चढ. त्यानं पाय दाबला. टर्बोनं शिट्टी घातली. पाणी आलं. दादा इथं काय ओरडायचा, ते आदर्शनं वाटेत सांगितलं होतं. आईच ओरडली, "मार की मर्दा!"

मी मारत राहिलो. पृथ्वीराजच्या हातचा एकेक थेंब वादळात गेला, वाफ झाला, आगीतून निघाला आणि मागं राधानगरीच्या झाडांत मिसळला. माथ्यावर पोचताना टाकी रिकामी झाल्याचा दिवा लागला. आदर्शनं गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून मोठ्यानं रडला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता मी इथंच आहे, त्याच पाइपात. कडेला थोडा झिजलोय. माझं एकच मागणं आहे: मला पाणी द्या, आणि ते वापरा. तहानेनं मी मरत नाही, साठवणीनं मरतो.

वर बोनेट उघडल्याचा आवाज झाला. आदर्शनं बॅटरीच्या पाण्याचा नवा कॅन आणलाय. खिशातून दादाचा रुमाल काढून तो टाकीच्या तोंडावर ताणून धरतोय.