नऊ चाळीस आणि सव्वा अकरा

पहिली वेळ दुसरीच्या आधीची आहे का, असं विचारून तिनं बटण दाबलं. पडद्यावर उत्तर आलं: नाही.

दोन दिवस हीच भानगड चालू होती. विमानांची तिकिटं जोडून देणारा त्यांचा प्रोग्रॅम दोन देशांतल्या वेळा नुसत्या आकड्यांवर ताडून बघत होता, आणि पहिलं विमान उतरायच्या आतच लोकांचं दुसरं उडून जात होतं. "आधी दोन्ही वेळा एका घड्याळावर आणा, मग तुलना करा," हे ती इतक्यांदा सांगायची की ऑफिसात तिला सगळे 'घड्याळबाई' म्हणत. आता दुरुस्ती झाली होती. तपासायला कुठल्याही दोन वेळा चालल्या असत्या. पण बोटांना पाठ होत्या त्याच टाइप झाल्या. तिनं निरोप पाठवला ती, नऊ चाळीस. बाबा गेले ती, सव्वा अकरा.

बाबांशी दोन वर्षं अबोला होता. स्वतःच्या लग्नावरून ती तोंडाला येईल ते बोलली होती. शेवटी त्या सकाळी आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "बाबा, चुकलं माझं." ते ऐकून गेले, हसलेसुद्धा, असं दादा म्हणाला होता. त्या एका वाक्यावर बिचारीनं वर्ष काढलं. नऊ चाळीस सव्वा अकराच्या आधी येतात, हे शेंबडं पोरही सांगेल.

पण नऊ चाळीस इथले, आखातातले होते आणि सव्वा अकरा तिकडचे, मायदेशातले. तिकडचं घड्याळ अडीच तास पुढे. म्हणजे निरोप गेला तेव्हा तिकडे बारा दहा झाले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! घरचं हे गणित तिनं कधी मांडलंच नव्हतं. मांडायची छाती नव्हती, खरं तर.

जिन्यात जाऊन तिनं दादाला फोन लावला.

"दादा, बाबा गेल्यावर पोचला ना रे माझा निरोप? खोटं बोलू नकोस."



"हसले म्हणालो, ते खोटं," तो म्हणाला. "पण ऐकवला मी, छकुले. कानाशी फोन धरून. आईच म्हणाली, पोरीनं इतक्या दिवसांनी तोंड उघडलंय, ऐकव त्यांना."

तिनं कठडा घट्ट धरला.

"मग?"

"मग काय... संपला. तर आई म्हणाली, पुन्हा लाव, जरा मोठ्यानं. त्यांना ऐकायला कमी येतं."