एक केस ठेवू नका

“मामा, मशीन मारा. एक केस ठेवू नका,” म्हाताऱ्या आईला सलूनच्या खुर्चीत बसवत मुलगा म्हणाला.

स्कार्फखालून तिचा पांढरा शेपटा कमरेपर्यंत आला होता. सलूनवाल्या मामाचं डोकंच फिरलं. “विंचरायचा कंटाळा आला वाटतं? लाज कशी वाटत नाही रे? लहानपणी तुझ्या उवा काढताना तिनं केला का कंटाळा?”

मामानं रागारागात स्कार्फ सोडला आणि त्याचा हात जागीच थांबला. एका बाजूला केसच नव्हते. नुसती सोललेली, ओली कातडी.

“स्वतःच उपटते,” मुलगा म्हणाला. “भान नसतं तिला. हात धरायला गेलो, की माझे केस उपटते.” त्यानं टोपी काढली. त्याचीही तीच गत होती.

मामानं मशीन बाजूला ठेवलं. कात्री घेतली आणि जखमा चुकवत, मधूनमधून फुंकर घालत म्हातारीचं डोकं मोकळं केलं. मग खुर्ची पुसून मुलाला म्हणाला, “आता तू बस, बाळा.”

त्यानं पुन्हा कात्री उचलली, तसं म्हातारीनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

“हळू हो,” ती म्हणाली. “पोराला लागेल.”