आईचा थर्मास

तैवानमधल्या ताइनानच्या तळ्यांत बाबांनी जन्मभर मासे धरले. शेवटी एका माशाने त्यांना धरलं. त्याच्या पाठीवरच्या पराचा काटा बोटात घुसला. बाबांनी बोट चोखलं, जेवले, झोपले. सकाळी हात टम्म फुगलेला, जंतू रक्तात पसरलेले. आता ते अतिदक्षता विभागात बेशुद्ध होते आणि नाकातल्या नळीतून त्यांना थेंब थेंब दुधासारखं काहीतरी मिळत होतं.

आईला जंतूंपेक्षा त्या थेंबांची धास्ती होती. उपाशी गेलेला माणूस उपाशी भूत होऊन भटकतो, हे तिला पक्कं ठाऊक. तिने अख्खी कोंबडी वाफवून अर्क काढला, थर्मासमध्ये भरला, पिशवीत सिरिंज टाकली.

"नर्सची पाठ वळली की मी नळीत ओतते. तू खोक."

"आधी देवाला तरी विचारू," मी म्हटलं. तेवढाच वेळ निघेल.

वैद्यदेवाच्या देवळात कौल घ्यायला तिने दोन लाकडी चंद्रकोरी टाकल्या; एक उताणी, एक पालथी पडली तर होकार. दोन्हींच्या सपाट बाजू वर. म्हणजे देव हसतोय. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसला.

"आई, तो हो म्हणत नाहीये."

"नाही तरी कुठे म्हणतोय? खुशीत आहे बिचारा. चल."

दवाखान्यात बाबांच्या खाटेजवळ तिने सिरिंज काढली. मी खोकलो. उत्तरादाखल मागून डॉक्टर चेंग खोकल्या.

"मावशी, ठेवा ते. यांचं शरीर स्वतःचे स्नायू जाळून साखर बनवतंय. वरून अन्न दिलं तरी ते थांबत नाही. आतडीही थकलीत. जास्त दिलंत तर त्रासच होईल. जरा सावरले की हळूहळू वाढवू."

"म्हणजे माझा नवरा स्वतःलाच खातोय, आणि मी त्याला वाढायचं नाही?"

"हो. सध्या."

"आणि गेला तर? असाच, उपाशी?"

डॉक्टरही ताइनानच्याच. उपाशी भुतांची गोष्ट त्यांनाही ठाऊक. "तशी वेळ आली तर मीच फोन करीन. थर्मास घेऊन या. मी अडवणार नाही."

तेव्हापासून आई रोज ताजा अर्क भरते आणि थर्मास फोनशेजारी ठेवते. विमावाल्याचा फोन आला तरी आम्ही दोघं आधी थर्मासकडे बघतो.

आज दुपारी डॉक्टर चेंग यांचं नाव झळकलं. आईने फोन नाही, थर्मास उचलला, चपला घातल्या, दारात उभी राहिली. फोन मी घेतला.

"ताप थोडा उतरलाय. थेंब वाढवलेत," डॉक्टर म्हणाल्या. "अजून धोका आहे. पण मावशींना सांगा, काही आणू नका."

मी सांगितलं. आई चपलांसकट खाली बसली, थर्मास उघडला आणि सगळा अर्क स्वतःच पिऊन टाकला.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली, आणि उद्यासाठी कोंबडी आणायला मला पिटाळलं.