हरिबुवांची बोटं

मी बोलतोय यावर विश्वास ठेवू नका. मला स्वतःचा आवाजच नाही. मी नुसता काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कीबोर्ड. कॉम्प्युटरला आणि आवाजाच्या डब्याला जोडलं, तरच माझे सूर निघतात.

जन्म जपानचा. बोटीवर नोकरीला असलेल्या सत्यवानाने मला एका बंदरात कॉम्प्युटर आणि आवाजाच्या डब्यासकट विकत घेतलं. येताना एक देवमासा माझं गाणं ऐकत दोन दिवस बोटीमागून पोहत होता. आवाज नसताना ऐकलं काय, ते त्यालाच विचारा.

अठ्ठ्याऐंशी साली कोकणात त्याच्या गावी, वालावलला पोचलो. शेजाऱ्यांना मी इस्त्रीचं टेबल वाटलो. माझ्यासोबत आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक सत्यवानापुढे उघडंच असायचं. जाणारी वायर येणारीच्या भोकात घालून तो तीन दिवस मला मुका म्हणत राहिला. चौथ्या दिवशी वायरी बदलल्या आणि मी वाजलो.

घाई होती. त्याचे वडील हरिबुवा चाळीस वर्षं लक्ष्मीनारायणाच्या देवळात पेटी वाजवत भजन गायले. आता गळ्यात गाठ होती. गोव्याचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने जीव वाचेल, आवाज जाईल. त्यावर बुवांची बायको रुक्मिणीकाकी मुलाला एवढंच म्हणाल्या, की त्यांचा आवाज घरात ठेव.

शेजारचे भाई आपला टेपरेकॉर्डर उचलून घेऊन आले. सत्यवान हसला.

"टेपाक बुरशी धरता, भाईनू. कॉम्प्युटरात कायम रवतलो."

भाई टेपरेकॉर्डर घेऊन परत गेले.

संध्याकाळी हरिबुवा माझ्यापुढे बसले. डावा हात सवयीने भाता शोधत राहिला. माईक नुसता स्पीकरला जोडला होता. बुवा तासभर गायले, ठसका लागला की थांबले, पुन्हा गायले. पडद्यावर रेघा उमटत गेल्या. सत्यवानाने सगळं फ्लॉपीत साठवलं आणि ऐकून बघायच्या आतच वीज गेली. पहाटेच ते गोव्याला निघाले.

मला तेव्हाच माहीत होतं. माझ्या वायरीतून फक्त बोटं जातात. कुठली पट्टी, किती जोरात, किती वेळ. गळा जात नाही. सांगणार कसा?

महिन्याने बुवा घरी आले, मानेला पांढरी पट्टी बांधून. सगळे जमले. सत्यवानाने फ्लॉपी घातली. पेटी सुरू झाली, अगदी बुवांच्या हाताची. सगळे गाण्याची वाट बघत होते.

"आवाज मोठो कर रे, सत्या," काकी म्हणाल्या.

त्याने मोठा केला. पेटी मोठी झाली.

त्याने वायरी काढल्या, लावल्या, पुस्तक चाळलं. शेवटी बुवांनी त्याचं मनगट धरलं आणि मान हलवली. भाई दारातूनच परत फिरले. तेच सत्यवानाला जास्त लागलं.

तो बोटीवर गेला. पत्रं येतात, माझं नाव त्यात नसतं. खाऱ्या हवेने माझ्या दोन पट्ट्या अडकतात. तुम्ही कधी आलात तर एवढं करा, मला परत जोडू नका. कारण रोज सकाळी बुवा माझ्यापुढे बसतात आणि वायरीशिवायच वाजवतात. पट्ट्यांची टकटक तेवढी होते. काकी चुलीपाशी असतात, बुवांचं वाजवणं संपलं की पान वाढतात. आज त्यांनी तिथूनच विचारलं,

"भैरवी इतक्या लवकर? अजून भात शिजूचो आसा."